बिल गेट्स : मेहनत किती आणि घरचं पाठबळ किती?

काटेसावर

'बिल गेट्सने कॉलेज सोडलं आणि शून्यातून विश्व उभं केलं' हे पालक मेळाव्यांत, गुणवंतांच्या सत्कारांत, करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. ते व्याख्यान ऐकून गेलेली मुलं दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात असतात, म्हणून हा विषय मला अगदी जवळचा आहे.

आधी ते शून्य तपासू. गेट्सचा जन्म १९५५ चा, सिअ‍ॅटलमधला. वडील तिथले नावाजलेले वकील. आईचं माहेर बँकवाल्यांचं, तिच्या आजोबांनी सिअ‍ॅटलमध्ये बँकच काढली होती. आई मेरी गेट्स सुरुवातीला शिक्षिका, पुढे बँकेच्या आणि मोठ्या सामाजिक संस्थांच्या संचालक मंडळांवर. मुलाला सातवीत लेकसाइड नावाच्या खासगी शाळेत घातलं.

१९६८ मध्ये त्या शाळेतल्या मुलांच्या आयांच्या मंडळाने जुन्यापान्या वस्तूंची विक्री करून पैसे उभे केले आणि त्यातून शाळेसाठी एक टेलिटाइप यंत्र घेतलं, शिवाय दूरच्या मोठ्या संगणकावरचा वेळ विकत घेतला. हे यंत्र डोळ्यांसमोर आणा. पडदा नाही. टाइपरायटरसारखा कीबोर्ड, कागदाचं भेंडोळं, बाजूला छिद्रं पाडलेली कागदी पट्टी आणि टेलिफोनची लाइन. एका सेकंदाला दहा अक्षरं, तीही फक्त कॅपिटल. प्रचंड खडखडाट. पण प्रोग्रॅम टाइप केला की उत्तर तिथल्या तिथे छापून यायचं. त्या काळी अमेरिकेतल्या विद्यापीठांतसुद्धा बहुतेक विद्यार्थी पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीवर देऊन यायचे आणि निकाल घ्यायला नंतर परत जायचे. चूक कळली की पुन्हा गठ्ठा, पुन्हा खिडकी. इथे तेरा वर्षांचं पोर चूक करून दुसऱ्या मिनिटाला ती दुरुस्त करत होतं. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, एवढ्या एका फरकाने शिकणं किती पटीने वाढतं ते.

विकत घेतलेला वेळ मुलांनी भराभर संपवला. तेवढ्यात गावात एक संगणक कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एका बाईंचा मुलगा लेकसाइडमध्येच होता. मुलांनी यंत्रणेतल्या चुका शोधायच्या आणि त्या बदल्यात संगणक फुकट वापरायचा, असं ठरलं. पीडीपी-१० हे त्या वेळचं नवंकोरं यंत्र शाळकरी पोरांच्या हाती आलं.

आता मेहनत. ती अफाट होती आणि ती मी तिळभरही कमी लेखणार नाही. पुढे गेट्सबरोबर मायक्रोसॉफ्ट कंपनी काढणाऱ्या पॉल अ‍ॅलनने सांगितलेला प्रसंग आहे. कंपनीतले प्रोग्रॅमर रात्री घरी गेले की हा गेट्सला आधार देऊन कचऱ्याच्या मोठ्या पेटीत चढवायचा. कॉफीचे डाग पडलेले, चुरगळलेले छापील कागद आतून बाहेर यायचे, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा कोड असायचा. तो वाचून वाचून ही मुलं शिकली. पुढे ती कंपनी बुडाली तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संगणकांवर जाऊ लागली. आईवडील झोपल्यावर गेट्स घराबाहेर सटकायचा. १९७५ च्या जानेवारीत एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा छोटा संगणक आला. त्याच्यासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायची असं दोघांनी ठरवलं तेव्हा दोघांनीही अल्टेअर डोळ्यांनी पाहिला नव्हता. अ‍ॅलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० वर त्याच्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला, गेट्सने रात्रंदिवस बसून बेसिक अवघ्या ४ किलोबाइटच्या मशीनमध्ये मावेल असं घट्ट विणलं, गणिताचा एक भाग माँटी डेव्हिडॉफने लिहिला. मग अ‍ॅलन कागदी पट्टी घेऊन विमानाने अल्टेअर बनवणाऱ्या कंपनीकडे अल्बुकर्कीला गेला. खऱ्या यंत्रात ती पहिल्यांदाच भरली आणि दोन अधिक दोन विचारल्यावर यंत्राने ४ छापले. ही कारागिरी कोणाच्या वडिलांच्या पैशाने विकत मिळत नाही.

पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन लहान घटना. त्या संगणक कंपनीच्या यंत्रणेत मुलांनी चोरून शिरकाव केला, पकडले गेले, काही काळ बंदी आली आणि मग त्यांना परत बोलावलं. हार्वर्डमध्ये विद्यार्थी नसलेल्या अ‍ॅलनला आत आणून विद्यापीठाचा संगणक धंद्यासाठी वापरल्याबद्दल गेट्सची चौकशी झाली, समज देऊन सोडलं. आणि हार्वर्ड 'सोडलं' म्हणजे रजा घेतली. मायक्रोसॉफ्ट बुडाली असती तर तो परत वर्गात जाऊन बसला असता.

घरच्या पाठबळाचा विषय निघाला की आपण लगेच पैसे मोजायला लागतो. माझ्या मते खरं पाठबळ तीन गोष्टींत होतं: यंत्रावर मिळालेले मोकळे तास, चूक पोटात घालणारी माणसं आणि आपटलो तर घर आहे ही खात्री. गेट्सने मेहनत केली हे शंभर टक्के खरं, पण मेहनत करायला जागा मिळणं ही घराची देणगी होती. २००५ मध्ये लेकसाइडमधल्या भाषणात त्याने स्वतःच म्हटलंय की लेकसाइड नसती तर मायक्रोसॉफ्ट नसती.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने मध्यंतरी सी भाषेतला प्रोग्रॅम वहीत लिहून आणला. दोन पानं. प्रत्येक ओळीच्या शेवटचा अर्धविराम लाल पेनने, कारण तो राहतो आणि मग प्रोग्रॅम चालत नाही हे तिला माहीत होतं. लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसतात, तिच्या वाट्याला कीबोर्ड येतच नाही. घरी भावाचा मोबाइल मोकळा झाला तर त्यावर अंगठ्याने टाइप करते. या मुलीला 'जिद्द असेल तर सगळं होतं, गेट्सकडे बघ' असं सांगायला मला जीभ रेटत नाही. तिचं काही जमलं नाही तर ती स्वतःलाच दोष देईल. तो दोष तिचा नाही.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः जे या क्षेत्रात धंदा करतात त्यांनी लिहावं.

चाकणकर

धागा मनापासून आवडला, पण पटला अर्धाच.

लेकसाइडच्या त्या यंत्रासमोर गेट्स एकटा नव्हता. शाळाभर मुलं होती, झाडून सगळी सुखवस्तू घरांतली. बहुतेकांनी दोन दिवस खडखड केलं आणि गेले फुटबॉल खेळायला. चार-पाच जणांनी तिथेच तळ ठोकला. सगळ्यांना सारखंच पाठबळ असताना एकजणच इतका पुढे जातो तेव्हा तो फरक पाठबळाचा कसा म्हणणार?

आणि आपल्याकडचं उदाहरण घ्या. क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे कैलाश काटकर. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना काही शे रुपयांवर नोकरी धरली. मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान. बँकांत कॉम्प्युटर येताहेत हे बघून तेही शिकून घेतलं. १९९५ मध्ये अँटिव्हायरस आला, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात. कोणता वकील बाप होता त्यांना? कोणती आई संचालक मंडळावर?

मी स्वतः पहिल्या पिढीतला धंदेवाला आहे. सुरुवातीच्या काळात गिऱ्हाइकाकडचं सर्व्हर रात्री बंद पडलं की मी मोटारसायकलला किक मारायचो. 'तुझं यश परिस्थितीने दिलं' असं कोणी म्हटलं तर लागतं हो मनाला. मुलांना परिस्थितीची यादी वाचून दाखवली तर ती प्रयत्नच करणार नाहीत, ही माझी खरी भीती आहे.

बेलव्ह्यूवाली

काटेसावर, आईबद्दल थोडं अजून लिहायला हवं होतं. मी सिअ‍ॅटलच्या या भागात वीसेक वर्षं राहतेय. वॉशिंग्टन विद्यापीठात एका इमारतीला मेरी गेट्स यांचं नाव आहे, त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होत्या. इथली जुनी माणसं त्यांचं नाव आजही आदराने काढतात, 'बिलची आई' एवढीच त्यांची ओळख नाही.

१९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या छोट्या संगणकासाठी सॉफ्टवेअर हवं होतं. आयबीएमचे तेव्हाचे अध्यक्ष (प्रेसिडेंट) जॉन ओपेल आणि मेरी गेट्स युनायटेड वे या संस्थेच्या राष्ट्रीय मंडळावर एकत्र होते. मायक्रोसॉफ्टचं नाव निघालं तेव्हा ओपेल 'म्हणजे मेरी गेट्सच्या मुलाची कंपनी का' असं म्हणाले, असं सांगितलं जातं.

यावरून 'आईने कंत्राट मिळवून दिलं' असा निष्कर्ष काढतात, तो मात्र मला मान्य नाही. आयबीएमची माणसं मायक्रोसॉफ्टकडे आली कारण तोवर छोट्या संगणकांच्या भाषांमध्ये हीच कंपनी पुढे होती. ते पाच वर्षांच्या कामाचं फळ होतं. पण विचार करा, आयबीएमसारखी अवाढव्य कंपनी आपल्या नव्या यंत्राचा प्राण पंचविशीच्या, शाळकरी दिसणाऱ्या पोराच्या हाती देतेय. वरच्या मजल्यावरच्या माणसाला त्याचं घर माहीत असणं म्हणजे केवढा दिलासा! स्थळ बघताना 'घराणं माहितीतलं आहे' म्हटल्यावर पुढच्या चौकशा कमी होतात, तसंच हे.

जुना_प्रोग्रॅमर

आयबीएमचा विषय निघालाच आहे तर पुढचंही येऊ द्या, कारण गेट्स श्रीमंत झाला तो बेसिकमुळे कमी आणि या करारामुळे जास्त.

मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. गेट्सने आयबीएमच्या माणसांना आधी गॅरी किल्डॉलच्या डिजिटल रिसर्चकडे पाठवलं. किल्डॉलची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम त्या वेळी सगळीकडे चालत होती. तिथली बोलणी काही जमली नाहीत. मग मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसनने लिहिलेली ८६-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम घेतली. आधी परवाना, नंतर १९८१ च्या जुलैत ५० हजार डॉलरला पूर्ण हक्क. ऑगस्टमध्ये आयबीएम पीसी बाजारात आला.

खरी मेख करारात होती. आयबीएमला वापरायचा हक्क दिला, पण हीच सिस्टीम दुसऱ्यांना विकायची मुभा मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवली. पुढच्या दोन वर्षांत कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तशीच यंत्रं काढली आणि प्रत्येक यंत्रामागे पैसे मायक्रोसॉफ्टच्या गल्ल्यात जाऊ लागले.

आता सांगा, पॅटरसनने मेहनत कमी केली होती? किल्डॉलने? तो तर पीएचडी झालेला, अव्वल दर्जाचा संगणकशास्त्रज्ञ. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी उत्तम कोड लिहिणारे पुष्कळ पाहिले. करार वाचून त्यातलं एक कलम स्वतःसाठी राखून ठेवणारे फार थोडे. वकिलाच्या घरात जेवणाच्या टेबलावर हक्क, परवाने, करार हेच शब्द कानावर पडत असणार. आमच्या घरी वडील गिरणीत होते. माझ्या नोकरीचा पहिला करार मी न वाचता सही केला, कारण करार हा वाचायचा असतो हेच आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

सायली_फलटण

@जुना_प्रोग्रॅमर, शेवटचं वाक्य वाचून थांबले. अगदी खरं.

मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली, लेकसाइड तेव्हा फक्त मुलांची शाळा होती. १९७१ मध्ये ती मुलींच्या सेंट निकोलस शाळेशी जोडली गेली, तेव्हा कुठे मुली आल्या. म्हणजे १९६८ मध्ये पैसे आयांनी उभे केले, यंत्रावर बसले मुलगे. त्याच आयांच्या मुली, त्याच घरांतल्या, त्याच पैशातल्या, त्या खोलीत पाऊलही ठेवू शकत नव्हत्या. चाकणकर विचारतात की सगळ्यांना सारखंच पाठबळ असताना एकच पुढे कसा गेला. सारखं पाठबळ बहिणींनाही नव्हतं हो. दारातून आत आलेल्यांमधली शर्यत आपण बघतो आणि म्हणतो, बघा, जिंकला तो मेहनतीने.

दुसरी गोष्ट काटकर बंधूंची. चाकणकरांनी कैलाशदादांचं सांगितलं, पण तो अँटिव्हायरस लिहिला धाकट्या भावाने, संजय यांनी. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकले. इलेक्ट्रॉनिक्सकडे जायच्या विचारात होते, थोरल्याने सांगितलं की कॉम्प्युटर घे. दुकान थोरल्याने चालवलं, त्या दुकानात व्हायरस लागलेली गिऱ्हाइकांची मशीन यायची, त्यावर धाकट्याने हात बसवला. थोरल्याचं शिक्षण दहावीवर थांबलं आणि धाकटा पुढे शिकला. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हेच घडतं. एक जण थांबतो म्हणून दुसरा पुढे जातो. गेट्सकडे जे वकील बापाने केलं ते इथे थोरल्या भावाने केलं. दोघा भावांच्या कष्टाला माझा दंडवत आहे, पण संजय यांच्या मागे घर नव्हतं असं कसं म्हणता येईल?

माळरान

+१ सायली. इन्फोसिसचंही तेच. १९८१ ला पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी साठवलेले १० हजार रुपये हे भांडवल म्हणून सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर घर त्यांच्या पगारावर चाललं, त्यावर कोणी बोलत नाही.

चाकणकर

सायलीताई, थोरल्या भावाचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या घरी बहिणीचं लग्न लांबलं होतं, कारण वडिलांनी पीएफ काढून मला पहिली दोन मशीन घेऊन दिली. ती कधी बोलून दाखवत नाही.

पण काटेसावर, माझ्या मूळ भीतीचं उत्तर अजून मिळालं नाही. 'घरचं पाठबळ नसेल तर काही होत नाही' हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की पुढे काय? माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पोरांत मी बघतो, काहीजण आधीच हार मानून आलेले असतात. इंग्रजी येत नाही, कॉलेज छोटं आहे, आमचं कसं होणार. त्यांना मी गेट्सचीच गोष्ट सांगतो. दुसरं काय सांगू?

काटेसावर

चाकणकर, उत्तर द्यायलाच हवं.

गोष्ट सांगाच, पण पूर्ण सांगा. कचऱ्याच्या पेटीतले कागद सांगा आणि आयांनी घेतलेलं यंत्रही सांगा. माझा अनुभव असा की पूर्ण गोष्ट ऐकून मुलं खचत नाहीत. उलट त्यांना आपण मागे का आहोत याचं कारण कळतं आणि ते कारण 'मी ढ आहे' यापेक्षा फार बरं असतं. हार मानून आलेली पोरं तुमच्याकडे येतात ती पाठबळाबद्दल कोणी सांगितलं म्हणून येत नाहीत. वर्षानुवर्षं त्यांना 'तुझीच मेहनत कमी पडली' हे ऐकवलेलं असतं, म्हणून येतात.

आणि ही गोष्ट पूर्ण सांगण्यात गेट्सचे वडीलच सगळ्यात पुढे होते. २००१ च्या सुमारास अमेरिकेत वारसा कर रद्द करायची हालचाल सुरू झाली, तेव्हा थोरल्या गेट्सनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेतली मोठी संपत्ती सार्वजनिक पैशाने घातलेल्या पायावर उभी आहे: शाळा, न्यायालयं, सरकारी खर्चाने झालेलं संशोधन. त्या पायाचं देणं श्रीमंतांनी फेडायला हवं. २०१० मध्ये त्यांच्या राज्यात श्रीमंतांवर आयकर लावायचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावरचे हे गृहस्थ त्याच्या प्रचारात पुढे होते. प्रस्ताव पडला, तो भाग वेगळा. मुलाच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. हार्वर्डचा तो पीडीपी-१०, ज्यावर बेसिक लिहिलं गेलं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने चालत होता. म्हणजे घराबरोबर सरकारचंही पाठबळ होतं.

मला आशा वाटते ती इथेच. वकील बाप कोणाला वाटता येत नाही. यंत्रावरचे तास वाटता येतात. लेकसाइडच्या बायांनी जुनेपाने कपडे आणि भांडीकुंडी विकून ते केलं. एका गावाला, एका पंचायतीला, माजी विद्यार्थ्यांच्या एखाद्या बॅचला ते न झेपण्यासारखं काय आहे?

बेलव्ह्यूवाली

इथल्या मराठी मंडळींबद्दलही लिहिते, कारण आम्ही 'आमच्या हिमतीवर आलो' हे फार सहज म्हणतो. माझी इंजिनिअरिंगची फी सरकारी कॉलेजातली होती, वडिलांच्या एका महिन्याच्या पगाराहून कमी. बाकीचा खर्च महाराष्ट्रातल्या करदात्याने केला. त्यात काटेसावरांच्या त्या विद्यार्थिनीचे आजोबाही आले असतील. काही करायचं असेल तर इथून मदतीला चार कुटुंबं तरी मी नक्की उभी करते.

चाकणकर

आमच्या कंपनीत लॅपटॉप दर तीन-चार वर्षांनी बदलतो. जुने भंगाराच्या भावात जातात. मेमरी वाढवून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की सी आणि पायथन आरामात चालतं. या खेपेचे मी बाजूला काढून ठेवतो. किती लागतील सांगा.

काटेसावर

चाकणकर, बेलव्ह्यूवाली, दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

मशीन आली तरी एक अडचण उरते, ती इथेच मांडतो म्हणजे कोणाला सुचलं तर सांगतील. गेट्स राहायचा तिथून विद्यापीठ जवळ होतं, रात्री बाहेर पडला तरी पहाटेपर्यंत परत. आमच्याकडच्या निम्म्या मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात आणि शेवटची एसटी साडेसहाला सुटते. कॉलेज सुटल्यावर लॅब उघडी ठेवली तर ती फक्त गावातल्या मुलांना मिळेल, आणि सायलीताईंनी सांगितलेलीच गोष्ट पुन्हा घडेल. त्यामुळे लॅब रविवारी सकाळी उघडायची आणि काही लॅपटॉप आठवडाभर घरी न्यायला द्यायचे, त्यात मुलींचा नंबर आधी, असं डोक्यात आहे. प्राचार्यांची परवानगी मागितली आहे. हरवले, फुटले तर जबाबदारी कोणाची हे त्यांनी विचारलं आहे. विम्याबद्दल किंवा हमीपत्राबद्दल कोणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

सायली_फलटण

हमीपत्र पालकांकडून घेऊ नका, बाप सही करणार नाही आणि मुलगीच मागे हटेल. आमच्या वाचनालयात महागडी पुस्तकं घरी देताना माजी विद्यार्थी संघ हमी राहतो. त्याचा नमुना माझ्याकडे आहे, उद्या स्कॅन करून पाठवते.